नातेवाइकाची भूमिका

रुग्णालयाचा विक्रीप्रमुख नव्या विक्रेत्यांच्या मुलाखतीत स्वतःच रुग्णाचा नातेवाईक होई. त्याला शस्त्रक्रियेस राजी करणे, हीच उमेदवाराची परीक्षा असे.

“आई ऐंशीच्या घरात आहे. डॉक्टर म्हणतात, हृदयाची शस्त्रक्रिया करा. करू का?”

समोरच्या मुलीने विचारले, “काका, आईंना विचारलंत?”

“अहो बाई, तुम्ही आमचं दुकान चालवायला आलात, की टाळं लावायला?”

ती ओशाळून हसली. “नंतर कळवू,” असे सांगून त्याने तिची बोळवण केली.

पुढचा उमेदवार येईपर्यंत तो निर्विकारपणे छताकडे पाहत राहिला. वरच्याच मजल्यावर त्याच्या आईची शस्त्रक्रिया सुरू होती. त्यानेच तयार केलेल्या विक्रेत्याने सकाळी त्याला बोलता बोलता राजी केले होते, आणि आईला विचारायचे दोघांच्याही मनात आले नव्हते.