आधी मासे पोचू देत

पाचव्या पिशवीत प्राणवायू भरून मासेवाल्या काकांनी तिचं तोंड पिळलं, दोन रबरं लावली आणि ती उजेडाकडे धरून पाहिली.

“ही घाबरट दिसते,” ते म्हणाले. “बाकीचे चौघं धक्के खातील, पण हिला जपा.”

“तिचं नावच भित्री आहे,” तो म्हणाला. “मुलीनं ठेवलंय.”

त्याच्या घरचे मासे बांधून द्यायला काकांनी भल्या पहाटे दुकान उघडलं होतं. एका पिशवीत एकच गोल्डफिश, एक भाग पाणी, दोन भाग हवा. पाचही पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बसल्या. मधल्या फटींत त्याने जुनी वर्तमानपत्रं कोंबली. दोन दिवस माशांना त्याने खायला घातलं नव्हतं. पोट रिकामं असलं की प्रवासात पाणी घाण होत नाही. भित्री काचेला तोंड लावून मागत राहिली, तेव्हा त्यालाही जेवण गेलं नव्हतं.

“अकरा तास म्हणजे फार झाले हो,” काका म्हणाले. “तिकडेही मासे मिळतात की.”

“हे मिळत नाहीत.”

काका हसले. मग त्याच्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले.

तो चष्म्याची भिंगं घासणारा कारागीर. केसाएवढा फरकसुद्धा त्याच्या बोटांना कळायचा. त्याची बायको नर्स होती. तिला लांबच्या शहरात, मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. शाळा सुरू व्हायच्या आत पोचायला हवं, म्हणून मायलेकी सामानाच्या ट्रकपाठोपाठ आठ दिवस आधीच निघाल्या. निघताना नऊ वर्षांची ठमी टाकीला चिकटून बसली, हलेचना.

“पाचच्या पाच घेऊन येतो,” तो तिला म्हणाला होता. “नाही आणले तर नाव बदलीन.”

मागच्या सीटवर रिकामी टाकी गोधडीत गुंडाळून ठेवली होती. शेजारी टाकीतल्या जुन्या पाण्याचे दोन कॅन आणि फिल्टरचा ओला स्पंज. खोकं मात्र त्याने पुढे, स्वतःच्या शेजारी ठेवलं आणि त्याला पट्टा लावला.

खड्डा दिसला की तो बैलगाडीच्या चालीने जाई. मागचे भोंगे वाजवून वाजवून थकत.

दुपारी पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, “घर हलवताय वाटतं?”

“हो.”

“सामान कुठाय?”

“पुढे गेलं.”

गाडी झाडाखाली घेऊन त्याने खोकं उघडलं. मास्तर, जाडोबा आणि दोघी जुळ्या ठीक होत्या. भित्री आडवी पडली होती. कल्ले हलत होते, पण एवढे हळू की त्याने स्वतःचा श्वास रोखून ते पाहिले.

गुडघ्यांवर बसून त्याने पिशवी सोडली, थोडं पाणी काढलं आणि कॅनमधलं जुनं पाणी धारेधारेने आत सोडलं. मग पेल्याने पाणी उचलायचं, उंचावरून पुन्हा सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. “ऊठ गं बाई,” तो पुटपुटत होता. “आता नको. आजच्या दिवस तरी नको.”

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“कुठवर आलास?”

“चार तास राहिलेत.”

“आज बोलायचंय. लक्षात आहे ना?”

“आधी मासे पोचू देत.”

“महिनाभर तू हेच म्हणतोयस,” ती म्हणाली. आवाज रागावलेला नव्हता, दमलेला होता. “बरं. सांभाळून ये.”

अर्ध्या तासाने भित्रीने एक झटका दिला आणि सरळ झाली. त्याने बाहीने डोळे पुसले. पिशवीत भरपूर हवा ठेवून तिचं तोंड बांधलं आणि गाडी सुरू केली.

ऊन उतरताना तो पोचला. तिसरा मजला, नव्या रंगाचा वास, भिंतीला टेकवलेली खोकी. ठमी जिन्यातच धावत आली. “पाच?”

“मोज.”

खिडकीशेजारच्या टेबलावर त्याने टाकी मांडली, जुनं पाणी ओतलं, औषध घातलेलं नवं पाणी मिसळलं, स्पंज बसवला. पाचही पिशव्या न उघडता पाण्यावर तरंगत ठेवल्या. बापलेक टेबलावर हनुवट्या टेकून बसले. बायकोने विचारलं, “चहा घेशील?” तो “हो” म्हणाला. तिने कप आणून ठेवला आणि वाळत घातलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली. दार तिने आवाज न करता ओढून घेतलं.

वीस मिनिटांनी त्याने एकेक मासा जाळीने हलकेच टाकीत सोडला. सगळ्यांत शेवटी भित्री. ती कोपऱ्यात गेली, थबकली आणि मग जाडोबाच्या मागोमाग पोहू लागली.

“पोचले,” ठमी म्हणाली.

“पोचले.”

चहा निवून गेला होता. वाटेत अकरा तास जुळवलेली वाक्यं आता एकही आठवेना.

“ठमे, तुला एक सांगायचंय.”

“मला माहितेय,” टाकीवरची नजर न काढता ती म्हणाली. “आईनं नाही सांगितलं. ट्रकमध्ये तुझी एकही पेटी नव्हती.” मग पाण्यातल्या भित्रीमागून बोट फिरवत ती हळूच म्हणाली, “बाबा, जाताना मासे तू परत ने. इथे मला आई आहे. तिकडे तू एकटाच असशील.”