गुंड्याचा गारठा

डॉक्टर देवयानी खानझोडे यांनी एक वेदनापट्टी गुंड्याच्या, म्हणजे ठवऱ्यांच्या घरच्या इग्वाना सरड्याच्या मानेला लावली आणि जोडीची दुसरी विलास ठवरेंच्या मनगटाला.

"आता त्याला जे होतंय, ते तुम्हाला जाणवेल. घाबरू नका."

गुंड्याने कित्येक दिवस पानाला तोंड लावलं नव्हतं. बाहेर नागपूरचा मे महिना भाजत होता, आणि खुर्चीत बसलेले विलास कुडकुडू लागले.

"दुखत कुठंच नाही, मॅडम. गारठलाय हा!"

"एसीत ठेवता का?"

"बिचाऱ्याला उकडेल म्हणून आमची शलाका आपली खोली त्याला देते, अन् स्वतः उकाड्यात झोपते."

"अहो, सरड्याच्या जातीला उन्हाशिवाय अन्न पचत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आता उशीर झालाय. मूत्रपिंडं गेलीत त्याची."

बाबांच्या खुर्चीशेजारी उभ्या छोट्या शलाकाने सगळं ऐकलं. तिने गुंड्याला उचललं आणि खिडकीतल्या उन्हात छातीशी धरून बसली.

हळूहळू विलासचं कुडकुडणं थांबलं.

"बाबा, काय वाटतंय त्याला?"

"ऊब वाटतेय, बेटा. बरं वाटतंय."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. तेव्हा पट्टीतून काहीच येत नव्हतं.

"अजून ऊबच आहे, माय," विलास म्हणाले.