विकायला निघालेली डॉज

डॉक्टरांना जुन्या गाड्यांचं वेड. इंटरनेटवर साखर कारखान्याची डॉज विकायला आल्याचं पाहून त्यांनी गोरक्षनानांना नगरच्या सायबर कॅफेत आणलं. नानांनीच तर ती कारखान्याच्या साहेबांसाठी वीस वर्षं चालवली होती. “हीच ना, नाना? उद्या इसार पाठवतोय.” फोटो वरून खाली सावकाश उमटला. नंबर तोच, बॉनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार. “गाडी आपलीच हाय, फोटो जुना हाय. पन तिचे कवाच तुकडे केले भंगारवाल्यानं, माझ्यासमोर. दमडी पाठवू नका.” डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकून उठले. नाना उठले नाहीत. फोटोच्या कडेला गाडीला ओवाळणारा हात तेवढा आला होता, मनगटावर तुळस गोंदलेला. चेहरा चौकटीबाहेरच राहिलेला. बायकोला जाऊन अकरा वर्षं झालेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. कॅफेवाला कॉम्प्युटर बंद करायला वाकला. “थांब बाबा. हे बंद केल्यावर ती कुठं जाती?”