शून्यावरचं बटण

आमचे हे, हाक मारली की "आलोच" म्हणतात आणि तासाभराने उगवतात. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. माझ्या शिलाई मशीनच्या मोटरला ह्यांनी घरीच थायरिस्टरचं सर्किट बसवलं आणि वेगाच्या बटणाभोवती अंश लिहिले, शून्य ते एकशे ऐंशी. भाची लग्नाचा झगा न्यायला दारात उभी, हे झालर धरून शेजारी, आणि शिलाई संपताच थांबायचं म्हणून मी बटण शून्यावर आणलं. मशीन उधळलं! प्लग ओढेपर्यंत झालरीला ह्यांची बाही शिवली गेली. "अगं, तो फायरिंग अँगल! विजेच्या प्रत्येक लाटेत थायरिस्टर जितका उशिरा चालू होतो, तितकी वीज कमी. शून्य म्हणजे उशीरच नाही, पूर्ण वेग!" हे ओरडले. भाची हसून बेजार. मी टाके उसवले, मग बटणाभोवतीचे आकडे पुसून खडूने लिहिलं: शून्याच्या जागी 'मी', एकशे ऐंशीच्या जागी 'आलोच'.