त्याची आई

बेल पुन्हा वाजली. आईनं दाराच्या भिंगातून बाहेर बघितलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"आली! त्याची आई."

सोफ्यावरच्या मुलीनं प्लॅस्टरमधला हात पोटाशी घेतला. कॉलेजला जाणारी पोर, पण भीतीनं पार एवढीशी झाली होती. "नको ना गं उघडूस."

"का? आपण काय कुणाचं घोडं मारलंय?"

सकाळी प्राचार्यांसमोर ते दिवटे चिरंजीव गरीब गाईसारखे उभे होते. म्हणे, ती नोट्स परत करायला आली आणि आमच्या जिन्यावरून पडली. वर म्हणे, मला तिची किती काळजी आहे! काळजी होतीच. कुठं आहेस, कुणाशी बोलत होतीस, फोन उचलायला एवढा वेळ का? वर्षभर त्या काळजीनं मुलीला धड श्वास घेऊ दिला नव्हता. परवा तिनं त्याच्या घरी जाऊन नोट्स दिल्या आणि "आता पुरे, संपलं आपलं" म्हणून सांगितलं. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं, हाड मोडेपर्यंत.

"कुणी बघितलंय का?" एवढंच प्राचार्यांनी विचारलं. कुणी नसेल तर दोघांना समज देऊन उद्या प्रकरण मिटणार होतं. म्हणजे पुन्हा तोच वर्ग, आणि तिच्या पाठीमागच्या बाकावर तो. सकाळपासून मुलीनं घासही घेतला नव्हता.

आईनं दार उघडलं. बाहेरची बाई बेकरीतल्या कामावरून तशीच आली होती. एप्रन अंगावर, हात कोपरापर्यंत मैद्यानं माखलेले.

"आत येऊ?"

"तिथूनच बोला. लेकराचं वर्ष वाया जाईल, हेच ना?" आईनं तिला तोंड उघडूच दिलं नाही. "आणि आमची पोर काय रस्त्यावर पडलीय? हातापाया पडायला आला असाल, तर आल्या पावली परत जा!"

बाईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्यामुळं आई आणखीच भडकली. ती दार लावणार, एवढ्यात मागून मुलगी बोलली.

"काकू, तुम्ही घरातच होतात."

आई गर्रकन वळली. हे तिला पोरीनं सांगितलंच नव्हतं.

"मी हाक मारली तुम्हाला. दोनदा." मुलगी सोफ्यावरून उठून दारापर्यंत आली होती.

"होते," बाई म्हणाली. "स्वयंपाकघरातून सगळं बघितलं मी. उद्या प्राचार्यांना तेच सांगणार आहे. त्यालाही तसं सांगितलंय."

आईला खरंच वाटेना. "पोटच्या पोराविरुद्ध?"

बाईनं प्लॅस्टरकडं बघितलं. डोळे पुसायला हात वर नेला, मैदा बघून तसाच खाली घेतला.

"त्याचा बाप माझा हात पिरगाळायचा, तेव्हा सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या," ती म्हणाली. "परवा हिनं हाक मारली, आणि मी मिक्सर लावला."