लाल रेघा

“साहेब, नकाशातून तुम्ही आम्हाला पुसून टाकलंत,” पालिकेच्या विकास आराखड्यावरच्या भर सुनावणीत पुतळाबाई म्हणाली. त्या नकाशात शेजारच्या टॉवरचा पोहण्याचा तलाव ठळक निळा; कोळणींचं बोंबील वाळवायचं मैदान कोरं पांढरं. साहेब हसले. “मावशी, पांढरं म्हणजे मोकळी जागा. तिथे पार्किंग होणार.” पुतळाबाईने सोबत आलेल्या उत्तरा नावाच्या मुलीकडे पाहिलं. पवईत डिझाइन शिकणारी ही पोर आठ दिवस कोळीवाड्यात उन्हातान्हाची फिरली होती. “आजी, डोळा रंगाकडे धावतो, पांढऱ्यावरून घसरतो,” म्हणत तिने बोंबील वाळवायच्या प्रत्येक काठीची मालकीण विचारून आपल्या नकाशावर लाल रेघ ओढली होती, रेघेवर नाव लिहिलं होतं. फोटो काढायला आजवर ढीगभर आले. नावं हिनेच विचारली. आज पुतळाबाईला भरून आलं. ती तिच्या कानाशी कुजबुजली, “तुझे उपकार कसे फेडू गं?” “आधी भांडा, आजी.” पुतळाबाईने उत्तराने काढलेला नकाशा साहेबांच्या टेबलावर पसरला. “यातली कुठली बाई मोकळी जागा आहे? नाव घेऊन सांगा.”