गुरुवारची परीक्षा

"ही कोण?"

"ली... ला."

गोदूबाईंच्या जिवात जीव आला.

वेणूबाईला अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. हातपाय सावरले, पण शब्द पार पुसले गेले. गोदूबाई आपल्या या भावजयीला रोज एकेक शब्द शिकवायच्या. तांब्या, चूल, पोळपाट. मग माणसं: लेक लीला, लेक मधुकर, सासूबाई. भावाचं, विठ्ठलरावांचं, नाव शिकवायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव कुठली बायको घेते?

भीती होती ती गुरुवारची. त्या दिवशी धारवाडचे डॉक्टर येणार होते. वेणूबाईच्या सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी, अळणावरची मुलगी पाहून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले हिचं डोकं ठिकाणावर नाही, तर हिला माहेरी पोचवायचं आणि दुसरं लग्न करायचं, हे त्यांनी मुलाकडून वदवून घेतलं होतं. विठ्ठलराव आईपुढे हो म्हणून बसले आणि तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. कचेरीतून आले की ते बायकोच्या अंथरुणाशी बसून डोळे पुशीत. वेणूबाई पदर पुढे ओढून मान खाली घाली.

"सगळं विसरली, रीत नाही विसरली बघ," गोदूबाई भावाला म्हणत. त्यांना तेवढाच धीर वाटे.

गुरुवारी डॉक्टर टांग्यातून उतरले. वेणूबाईच्या खोलीत सगळे जमले.

"यार इवरू?" डॉक्टरांनी लीलेकडे बोट दाखवून कानडीत विचारलं, मग मराठीत, "ही कोण?"

"लीला."

"हा?"

"मधुकर."

"आणि ह्या?"

"सासूबाई."

डॉक्टरांचं बोट विठ्ठलरावांकडे वळलं. "हे?"

वेणूबाईनं पदर पुढे ओढला. मान खाली.

"नीट बघा. हे कोण?"

विठ्ठलरावांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात कृष्णाबाईच फणकारल्या, "अहो डॉक्टर, नवऱ्याचं नाव घेईल होय ती? आमच्या घरची सून आहे!"

डॉक्टर हसले. "मग झालं तर. डोकं अगदी शाबूत आहे."

आपणच काय बोलून बसलो, ते कृष्णाबाईंच्या उशिरा ध्यानात आलं. विठ्ठलराव सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसत ते डॉक्टरांना टांग्यापर्यंत पोचवायला गेले. त्यांच्यामागून बाकीचेही उठले.

खोलीत दोघीच उरल्या. वेणूबाईनं गोदूबाईंचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत भीती होती. एकेक शब्द जुळवत तिनं विचारलं,

"अक्का... ते... रोज येऊन रडतात... ते कोण?"